सत्त्याण्णव टक्के तपासलेला प्रोग्राम

आकडा चांगला दिसला की मला बरं वाटायचं. दहावीला गणितात दोन मार्क गेले तेव्हा मी दोन दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते, आणि आई वैतागून म्हणाली होती, "हिला सासरी कोन नांदवील?" हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते कुणाच्या दबावाखाली केलं नाही. कागदावर आकडा शोभून दिसावा म्हणून केलं. दबाव असता तर निदान सांगायला तोंड तरी राहिलं असतं.

दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार ही भीती येऊन गेली होती आणि काहीच बंद पडलं नव्हतं. मी औरंगाबादला इंजिनिअरिंग संपवून जालन्यात नोकरीला लागले होते. वर्गातली निम्मी मुलं पुण्याला पळाली. माझे वडील म्हणाले, एक वर्ष जालन्यात काढ, आपल्या केदारखेड्याहून जवळ आहे, डोळ्यासमोर तरी राहशील. ऑफिस म्हणजे धान्याच्या मोंढ्याजवळ एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, चार माणसं, पाच कॉम्प्युटर आणि दिवसातून तीनदा जाणारी वीज. साहेब उत्साही होते. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना विचारलं, "तुमचं टेस्ट कव्हरेज किती?" त्यांना शब्दही माहीत नव्हता. परत आले ते मला म्हणाले, "आपल्या प्रत्येक कामाला हा आकडा लागला पाहिजे. पंच्याण्णवच्या वर."

कव्हरेज म्हणजे काय ते मी आईला पोलिओवरून समजावलं होतं. डोस पाजणाऱ्या बाया घरोघर जातात आणि दारावर खडूने खूण करतात. गावातल्या किती दारांवर खूण झाली, तो आकडा. तसंच प्रोग्रामच्या चाचण्या चालवताना त्याच्या कुठल्या ओळीवरून मशीन खरोखर गेलं त्याची खूण ठेवायची, आणि शेकडा किती ओळी झाल्या ते लिहायचं. आईने लगेच विचारलं, "अन् जी वस्ती यादीतच न्हाई, तिचं काय?" मी हसले. बायकांना शंका काढायची सवयच असते, असं काहीतरी मी म्हटलं असेन. मी स्वतः बाई असून.

त्या वर्षी आम्हाला एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेचं काम मिळालं. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ. ही त्यातली लहानशी होती. बियाणं विकण्याआधी त्याची उगवण तपासतात. प्रत्येक लॉटचं चारशे बी घेऊन, शंभर-शंभरचे चार भाग करून ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं, आठवडाभराने उलगडून मोजायचं. चांगली रोपं किती, वाकडीतिकडी किती, कडक राहिलेलं बी किती, मेलेलं किती. चार रकाने. चारही गुंडाळ्यांची सरासरी काढून पूर्णांकात आणायची, आणि चारही रकान्यांची बेरीज शंभर आली पाहिजे. हे सरासरीचं काम आमच्या प्रोग्रामने करायचं होतं.

मोजायचं काम तिथे एका मामांकडे होतं. पन्नाशीचे, धोतर सोडून पँट घातलेले, पण पँटवरही डोक्याला टोपी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कुठली म्हणून विचारलं. मी आईचं माहेर टेंभुर्णी सांगितलं, आणि ते टेंभुर्णीचेच निघाले. मग काय, आईच्या गावचा माणूस तो मामाच. ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणायचे. हे म्हणायचे, "ये माय, बस. च्या घेती का?"

मामा मोजताना पहिल्या रोपाला 'एक' म्हणायचे नाहीत. "लाभ" म्हणायचे, आणि मग दोन, तीन, चार. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभच म्हणतात. पण प्रयोगशाळेत, पांढऱ्या टेबलावर, चिमट्याने एकेक कोंब बाजूला करताना "लाभ, दोन, तीन" ऐकून मला गंमत वाटायची. दर दहाला ते एक चिंचोका सरकवून ठेवत. एकदा मी मुद्दाम मधेच काहीतरी विचारलं. त्यांनी हात वर केला, सत्तेचाळीसवर बोट ठेवलं, माझ्याशी नीट बोलले, आणि पुन्हा अठ्ठेचाळीसपासून सुरू केलं. एकवीस वर्षं ते हेच काम करत होते.

आता माझं काम. आमच्या ऑफिसात लिनक्स होतं. प्रयोगशाळेत जुनं विंडोज, आणि त्यावर चालेल असा जुना कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा. आमच्या नव्या कंपायलरला जे यायचं ते सगळं त्या जुन्याला येत नव्हतं. म्हणून पूर्णांकात आणण्याचा आणि बेरीज शंभरला जुळवण्याचा तुकडा मी दोनदा लिहिला. लिनक्ससाठी एक, विंडोजसाठी एक. दोन्ही एकाच फाइलमध्ये, वर पाटी लावलेली, की हा कंपायलर असेल तर हे वाच, तो असेल तर ते.

लिनक्सवर खुणा मोजण्याचं साधन तयार मिळायचं. चाचण्या चालवल्या, आकडा आला सत्त्याण्णव. इतका आनंद झाला की मी तो दोनदा छापून काढला. पण गोम अशी, की लिनक्सवर कंपायलर विंडोजचा तुकडा बघतच नाही. त्या ओळी त्याच्या दृष्टीने नसतातच. झालेल्यात नाहीत आणि राहिलेल्यातही नाहीत. आईची यादीबाहेरची वस्ती ती हीच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणू शकले असते. पण ते खोटं होईल. मला माहीत होतं. म्हणून तर मी एक दिवस प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथे खुणांचं साधन नव्हतं, तर प्रोग्राम जिथे दोन वाटांना फुटतो त्या प्रत्येक फाट्यावर हाताने एकेक मोजणी घातली आणि चाचण्या चालवल्या. निम्म्यात वीज गेली. आली तेव्हा तिथल्या क्लार्कला मशीन हवं होतं. जेवढं झालं त्यावरून वहीत आकडा लिहिला: एकसष्ट.

एकसष्ट हा आकडा मला बघवेना. उरलेल्यासाठी अजून दोन दिवस बसायला हवं होतं. कुणी नाही म्हटलं नसतं. मामांनी तर चहा पाजला असता. मी ऑफिसात परत आले, अहवाल टाइप केला, सत्त्याण्णव टक्के लिहिलं, आणि खाली एक ओळ घातली: सर्व मशीनवर तपासलेले. सही केली. साहेबांनी तो कागद लेटरहेडवर काढला, आणि प्रयोगशाळेच्या मॅनेजरांनी प्लास्टिकच्या कव्हरात घालून भिंतीवर लावला.

पहिले तीन महिने सगळं सुरळीत चाललं. पेरणीच्या आधीच्या गडबडीत मॅनेजरांचा फोन आला. कपाशीच्या एका लॉटला कॉम्प्युटर बेरीज नव्व्याण्णव दाखवतोय आणि खाली लिहितोय, 'मोजणीत चूक'. तो संदेश मीच लिहिला होता. तसं कधी होणार नाही असं धरून, रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून घातलेला. मोजून झालेली रोपं तोवर फेकून दिलेली. म्हणजे चाचणी पुन्हा, आणखी आठवडा, आणि माल गोदामात अडकलेला.

"प्रोग्राममध्ये काही आहे का मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सर, प्रोग्राम सत्त्याण्णव टक्के तपासलेला आहे." आणि मग, का कोण जाणे, जिभेला हाड नसल्यासारखी हसून पुढे म्हणाले, "तुमचे मामा एकच्या ऐवजी लाभ म्हणतात ना, तो लाभ कुठेतरी मोजायचा राहत असेल बघा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "अरे, बराबर. एकाचाच फरक आहे."

त्या लॉटचं नवं बी लावून ते त्यांनी दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतलं. बेरीज शंभर आली. झालं, मामांची चूक सिद्ध झाली. पुढच्या पंधरवड्यात आणखी एका लॉटला तेच झालं, तोही मामांनीच मोजलेला. दुसऱ्या माणसाकडे लॉट कमी असायचे, त्याच्या वाट्याला तसे आकडे आले नाहीत एवढंच. पण हे कोण बघणार? भिंतीवर सत्त्याण्णव टक्के लावलेले होते.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्या ऑफिसात आले. माडीचा जिना चढून दमले होते. टॉवेलात गुंडाळलेलं मोजणीचं रजिस्टर काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"माय, तू बघ बरं जरा. आडवी बेरीज समदीकडं शंभर आहे. म्या तीन तीन येळा मोजलं. मॅनेजर म्हनतो, लाभ म्हून एक सोडून देता तुमी. एकवीस वर्षात न्हाई सोडला, आता कामून सोडीन?"

मी त्या वेळी पुण्याच्या कामात होते. खरं तर त्यांच्या तोंडून माझाच विनोद ऐकून मला कानकोंडं झालं होतं, आणि तसं झालं की मी चिडते. म्हणाले, "मामा, लिहिलेली बेरीज शंभरच दिसणार. शेवटचा रकाना वजाबाकीने भरला की येतेच शंभर. कॉम्प्युटर आतलं पकडतो."

मामांनी रजिस्टरवरून हात फिरवला. "वजाबाकीनं?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आपली नजर जरा कमी झालीय, ते खरं हाय." रजिस्टर मात्र माझ्याकडेच ठेवून गेले. "सवडीनं बघ," म्हणाले.

मी दोन दिवस ते उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी वीज नव्हती, करायला काही नव्हतं, म्हणून उघडलं. पहिली गुंडाळी: अडुसष्ट, नऊ, सात, सोळा. शंभर. दुसरी शंभर. तिसरी, चौथी शंभर. उभी बेरीज केली. चांगली रोपं दोनशे त्र्याहत्तर. भागिले चार, सव्वाअडुसष्ट. वाकडी सव्वानऊ. कडक सव्वासात. मेलेलं सव्वापंधरा. चारही रकान्यांत वर एकेक पाव. पूर्णांकात आणताना पाव सोडून देतात. चार ठिकाणचा पाव सोडला की एक बी जातं. मामांनी काही सोडलं नव्हतं. चार पाव मी सोडले होते.

लिनक्सच्या तुकड्यात ही जुळवणी मी नीट लिहिली होती. एक कमी पडलं तर वाढव, एक जास्त झालं तर कमी कर. विंडोजच्या तुकड्यात जास्त झाल्याचं तेवढं लिहिलं, आणि कमी पडल्याचं 'नंतर बघू' म्हणून संदेश टाकून सोडून दिलं. त्या फाट्यावरून माझी एकही चाचणी गेली नव्हती. एकसष्टच्या बाहेर जे एकोणचाळीस होते, त्यात तो होता. वहीत तशी नोंदही होती, माझ्याच अक्षरात.

सहा ओळींचं काम होतं. वीज आल्यावर वीस मिनिटांत केलं. फ्लॉपी घेऊन रिक्षाने प्रयोगशाळेत गेले. रजिस्टर पिशवीत होतं. वाटेत मी वाक्य ठरवलं होतं: सर, चूक माझी आहे, मामांची नाही. दोनदा पुटपुटून पाहिलं.

गेट मामांनी उघडलं. आदल्या दिवशीच त्यांना तिथे बसवलं होतं. खुर्ची, वही, येणाऱ्या-जाणाऱ्याची सही घ्यायची. मला बघून उठून उभे राहिले. "बघितलं का माय?" त्यांनी विचारलं.

"बघते, मामा," मी म्हटलं.

आत मॅनेजरांच्या खोलीत गेले तर भिंतीवर माझ्या सहीचा कागद. मॅनेजर म्हणाले, "या या, काय विशेष?" मी म्हटलं, "नवीन आवृत्ती आणलीय, थोडी सुधारलेली." इतकंच म्हटलं. फ्लॉपी घातली, प्रोग्राम बदलला, मामांचे ते आकडे हळूच घालून पाहिले. शंभर. काढून टाकले. जाताना रजिस्टर क्लार्कच्या टेबलावर ठेवलं, कारण मामांच्या हातात द्यायची हिंमत नव्हती. गेटवर त्यांनी पुन्हा काही विचारू नये म्हणून मी मोबाइल नसलेल्या त्या काळात घड्याळाकडे बघत बघत बाहेर पडले.

त्यानंतर नव्व्याण्णव पुन्हा कधी आलं नाही. मामा मोजायला नव्हते आणि बेरीज शंभर येत होती. म्हणजे मॅनेजरांना आणखी एक पुरावा मिळाला, आणि तोही मीच दिला. दिवाळीच्या आत मामा नोकरी सोडून टेंभुर्णीला गेले. जाताना कुणी काही बोललं नाही म्हणे. साहेबांना मी काहीच सांगितलं नाही. वर्षभराने पुण्याला नोकरी लागली, तिथे मुलाखतीत मी कव्हरेजवर इतकं छान बोलले की मला त्याच कामावर घेतलं. वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या कंपायलरवर चाचण्या चालवायच्या आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहायचा. मी ते फार काटेकोर करते. लोक माझी चेष्टा करतात, की ही बाई आकडे एकत्र करू देत नाही.

सात वर्षं गेली. मामेबहिणीच्या लग्नाला टेंभुर्णीला गेले होते, तेव्हा आई सहज म्हणाली, "तुझे ते कंपनीतले मामा इथंच असतात गं. लई खंगलेत." मांडवातून उठून मी तशीच त्यांच्या घरी गेले.

मामा ओसरीवर बसले होते. त्यांनी आवाजावरून ओळखलं. मामी चहा टाकायला उठल्या तर मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. चार रकाने, चार पाव, अर्धवट सोडलेला तुकडा, तपासलेला नसताना तपासला म्हणून लिहिलेली ओळ. लाभाचा विनोद माझाच होता, हेही सांगितलं. मामा बोटांनी काहीतरी मोजत होते.

मग मामी बोलल्या. "तव्हापासून ह्यांनी काय म्हून मोजलं न्हाई बाई. शेंगा मोजायच्या म्हनलं तरी म्हनायचे, मला न्हाई जमत, तूच मोज. लोक माप करायला बोलवायचे, तिथंबी जाईनात."

"मंग माझं बराबर होतं?" मामांनी विचारलं.

"बरोबर होतं मामा. दोन्ही वेळा बरोबर होतं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुला कव्हा गावलं हे?"

सरळ प्रश्न होता. इतकं सांगितलं होतं, त्यात एवढंच राहिलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "गेल्या आठवड्यात. जुने कागद आवरताना."

मामांचा चेहरा बदलला. हात चाचपडत पुढे करून त्यांनी माझा हात धरला. "आन् आठ दिवसांत आलीस माय? पुन्याहून?" मग मामींकडे वळून म्हणाले, "ऐकलं का? पोरीला गावलं तशी पळत आली. कुनी येतं का असं?"

संध्याकाळपर्यंत ते मांडवात येऊन सगळ्यांना तेच सांगत होते. आईला माहेरात इतका मान कधी मिळाला नसेल. आता सुगीत माप करायला लोक पुन्हा त्यांना बोलावतात, दिसत नसलं तरी, माप भरणारा दुसरा आणि मोजणारे मामा. भाचीचं नाव निघालं की ते अजून सांगतात, आठ दिवसांत आली म्हणून. आई मला फोनवर अभिमानाने ऐकवते आणि मी विषय बदलते.

हे छापून आलं तर तिथलं कुणीतरी मामांना वाचून दाखवील. तिसऱ्या दिवशी, मामा. मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही गेट उघडलंत तेव्हा मला सगळं माहीत होतं.